मुनीरभाई, तुम्ही आराम करत नव्हता

मुनीरभाई, कंपनीच्या मोठ्या साहेबानं तुम्हाला फसवलं. भर बैठकीत शब्द दिला, तो तुमच्याकडून परत म्हणवून घेतला, वर 'करेक्ट' म्हणाला आणि पाळला नाही. मला तो फसवू शकला नाही, कारण मी त्याच्यावर विश्वासच ठेवला नव्हता. तुम्ही ठेवलात.

लोक म्हणतील, माणसाला जाऊन चाळिसावाही झाला नाही आणि ही बाई भांडायला बसली. बसले. तुम्ही मला भांडण्यासाठीच आणलं होतं. रडायला तुमच्या घरी माणसं पुष्कळ आहेत. त्या साहेबाचं नाव मात्र मी इथं लिहीत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "नाम नक्को लो ताई, बालबच्चेवाला आदमी है." तेवढं एक तुमचं ऐकते. वाचणाऱ्या वैमानिकांना नाव माहीत आहे, आणि ज्याचं आहे त्यालाही माहीत आहे.

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत टायरच्या दुकानावरची माझी खोली, बाहेरून लोखंडी जिना. तुम्ही चौघं वैमानिक तो जिना असा चढत होतात की जणू पायऱ्यांवर काहीतरी सांडलंय. मी तेव्हा स्विच बनवणाऱ्या कारखान्यातल्या बायांचा करार करून नुकतीच मोकळी झाले होते. देवगाव रंगारीत आईबरोबर कापूस वेचणारी पोरगी, शहरात येऊन त्याच कारखान्यात लाइनवर उभी राहिली, तिथंच भांडायला शिकली, गेटबंदच्या आंदोलनात हर्सूलच्या जेलमध्ये राहून आली, आणि मग दुसऱ्यांची भांडणं हातात घ्यायला लागली. माझं एवढंच शिक्षण. विमानात तोवर पाय ठेवला नव्हता.

तुमच्यातला सगळ्यात तरणा, कुरळ्या केसांचा को-पायलट ऋषिकेश, खुर्ची पुसून बसला आणि पहिलंच वाक्य बोलला, "मॅडम, एक क्लिअर करतो. आम्ही लेबर नाही आहोत."

"बरं," मी म्हटलं. "मग मालक आहात?"

"नाही."

"विमान कुणाचं?"

"कंपनीचं."

"सुट्टी कोण देतं?"

"कंपनी."

"आणि नाय दिली तर?"

तो ताडकन उठला. तुम्ही मागं दाराला टेकून उभे होतात. हसत म्हणालात, "बैठ जा बेटा. लेबर है तू. टोपीवाला लेबर."

मुनीरभाई, त्या वाक्यासाठी मी तुमचं काम घेतलं. फीचं बोलणं नंतर झालं.

मागण्या तीन होत्या. को-पायलटांचा पगार, नोकरी सोडू नये म्हणून त्यांच्याकडून लिहून घेतलेला बाँड, आणि घरचा स्टँडबाय. पहिल्या दोन मला लगेच समजल्या, कारखान्यातही तेच चालतं. तिसरी समजेना. रोस्टरवर, म्हणजे ड्यूट्यांच्या तक्त्यावर, ज्या दिवशी घरचा स्टँडबाय, त्या दिवशी वैमानिकानं दिवसभर घरी थांबायचं. फोन उशाशी, गणवेश इस्त्री करून टांगलेला. कुणी आजारी पडलं, कुणाचे उड्डाणाचे तास संपले की कंपनीचा फोन येणार आणि तासाभरात विमानतळावर हजर व्हायचं. न आला फोन तर नाही आला. कंपनीच्या हिशेबी तो दिवस आरामाचा. संध्याकाळी बोलावलं तर वैमानिक ताजातवाना समजून त्याला पूर्ण ड्यूटी द्यायची.

"घरीच बसायचंय ना?" मी म्हटलं. "मग रडता कशाला?"

तुम्ही चिडला नाहीत. विचारलंत, "ताई, सिल्लोडच्या बसस्टँडवर कधी झोपलात?"

"झोपले की."

"कशा?"

"बॅगेवर डोकं ठेवून. एक डोळा उघडा."

"हौ. तोच आमचा आराम. फरक इतकाच, बस चुकली तर तुमची पंचाईत. आम्हाला तर बस चालवायची असते."

नंतर पाच माणसांसमोर आणि पन्नास माणसांसमोर मी हे वाक्य माझं म्हणून वापरलं. तुम्ही कधी टोकलं नाहीत.

तुमचं घर खुलताबादचं. थोरल्या भावाचं तिथं दुकान, मागं सीताफळांची बाग. शहरातून निघालं की घाट चढून असं कितीसं अंतर! पण स्टँडबायच्या दिवशी खुलताबाद तुमच्यासाठी परदेश. तिथून चिकलठाण्याच्या विमानतळावर वेळेत पोचता येत नाही म्हणून जायची मनाई. पुतणीच्या निकाहच्या दिवशी तुम्ही शहरातल्या घरात, शेरवानी घालून, फोनवर 'कुबूल है' ऐकत बसला होतात. आणि फोन फार वेळ व्यस्त ठेवता येत नाही म्हणून 'मुबारक' म्हणून पटकन बंद केलात. हे तुम्ही मला हसत सांगितलंत. मी हसले नाही. मी तेव्हाच ठरवलं की तीनपैकी ही मागणी शेवटपर्यंत सोडायची नाही.

मुंबईला कंपनीच्या मुख्य कार्यालयात बोलणी करायला निघालो ते माझं पहिलं विमान, आणि ते चालवणार तुम्ही. मी खिडकीशी बसले, पट्टा लावून घेतला, हात जोडले की नाही ते सांगत नाही. उतरल्यावर सगळे प्रवासी गेले आणि तुम्ही कॉकपिटमधून बाहेर आलात.

"ताई, ऊपर से आपका मायका दिखा क्या?"

"माझं माहेर देवगाव रंगारीला. ते तिकडं राहिलं."

"वो नहीं. हर्सूल का बोल रहा हूँ. तलाव के बाजू में, ऊँची दीवारवाला."

मी पर्स फेकून मारली. एअर होस्टेस पोरी हसून हसून कोलमडल्या. पण जवळ आलात तेव्हा तुमचे डोळे पाहिले, मुनीरभाई. आदल्या दिवशी तुम्हाला स्टँडबाय होता, फोन आला नव्हता. कंपनीच्या भाषेत तुम्ही अख्खा दिवस आराम करून आला होतात. डोळे लालभडक होते. मागं बसलेल्या माणसाला ते दिसत नाहीत. मीही मागंच बसले होते, आणि मस्तपैकी ढग बघत होते.

आता तुमच्या त्या सवयीकडं येते, जिच्यामुळं सगळं झालं.

बैठकीत कुणी काही बोललं की तुम्ही ते जसंच्या तसं परत म्हणायचात. कंपनीचा माणूस म्हणाला, "पुढची बैठक बुधवारी", तर तुम्ही: "पुढची बैठक बुधवारी." मी म्हटलं, "चहा इथंच मागवा", तर तुम्ही: "चहा इथंच." मला पहिल्या दिवशी वाटलं, हा माणूस टिंगल करतोय. बाहेर आल्यावर मी भडकले. "पोपट आहात का तुम्ही?"

तुम्ही समजावून सांगितलंत. विमानतळाचा टॉवर वैमानिकाला सांगतो, अमुक उंचीवर या, अमुक दिशेला वळा. वैमानिकानं नुसतं 'हो' म्हणायचं नसतं. तेच शब्द परत म्हणायचे असतात. टॉवर ऐकतो. चुकलं तर तिथल्या तिथं टोकतो. न टोकता पुढं गेला, की ते पक्कं. मग त्या शब्दावर विमान खाली येतं, माणसांसकट. "सुनने का भरोसा नहीं ताई," तुम्ही म्हणालात. "दोहराने का भरोसा. आमच्याकडं कागद नंतर. पहिलं तोंड."

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? पुढं मीच मुद्दाम फोनवर सांगायचे, "अकराला, लेबर ऑफिसच्या मागच्या दारानं", आणि तुम्ही परत म्हणेपर्यंत फोन ठेवायचे नाही. घरी रेहानाभाभींनी बाजारात पाठवलं की तुम्ही दारात उभं राहून म्हणायचात, "अर्धा किलो मटण, कोथिंबीर, दही नाही. करेक्ट?" आणि भाभी आतून ओरडायच्या, "करेक्ट! अब जाओ भी!"

पण टॉवर वेगळा, भाभी वेगळ्या आणि कंपनी वेगळी. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं?

बोलणी लांबली. मी माझ्या पद्धतीनं चालवली. आवाज चढवला, फायली आपटल्या, दोनदा उठून निघून गेले आणि दोन्ही वेळा त्यांनीच परत बोलावलं. पगार मिळाला. बाँड सैल झाला. स्टँडबायवर कंपनी अडली. त्यांचा कर्मचारी विभागाचा माणूस सारखं एकच म्हणे, "मॅडम, या कलमाला वरची मंजुरी लागेल. तोपर्यंत बाकीच्यावर सही करून टाका." मी म्हटलं, "वरच्याला खाली आणा."

आणि आणलं त्यांनी. विमानं चालवण्याच्या विभागाचा प्रमुख, स्वतः जुना वैमानिक. तुम्ही नवखे असताना ज्याच्या शेजारी बसून शिकलात तो. आत आला, तुमच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. ऋषिकेश आणि आणखी तिघे वैमानिक आपल्या बाजूला होते. साहेब बसला आणि तुमच्याकडं बघून म्हणाला, "मुनीर, पुढच्या रोस्टरपासून घरचा स्टँडबाय ड्यूटीत धरला जाईल."

तुम्ही ताठ बसलात. तुमचा आवाजच बदलला, अगदी कॉकपिटमधला झाला. "पुढच्या रोस्टरपासून घरचा स्टँडबाय ड्यूटीत धरला जाईल."

"करेक्ट," तो म्हणाला.

आणि खोलीतले तुम्ही सगळे वैमानिक एकदम सैल झालात. चेहऱ्यावरून कळत होतं, झालं, उतरलं विमान. एकटी मी म्हणत होते, "लिहा. आत्ता लिहा."

साहेब म्हणाला, "मॅडम, ही त्याची वेळ नाही."

तुम्ही म्हणालात, "ताई, हो गया."

मी तुम्हाला बाहेर व्हरांड्यात ओढलं. तिथं आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. आपण भांडताना एकमेकांना अरे-तुरे करायचो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

"मुनीर, तू सही करू नको."

"तू विश्वास नक्को रखती, वो तेरा काम है. मेरा काम अलग है."

"लिहून का देत नाय तो?"

"देगा. मंजुरी येऊ दे."

"आणि नाय आली?"

तेव्हा तुम्ही मला नागपूरचं धुकं सांगितलंत. तुम्ही को-पायलट, तो कॅप्टन. विमान तुमच्या हातात, तुमची नजर काट्यांवर. बाहेर बघायचं काम त्याचं. त्यानं म्हटलं, रनवे समोर आहे. तुम्ही तेच परत म्हणालात आणि उतरवलंत. "मला कापूस पिंजल्यासारखं नुसतं पांढरं होतं, ताई. त्याच्या जबानीवर उतरलो. मागं माणसं होती. हवेत कुणी खोटं बोलत नाही."

"हवेत नसेल बोलत," मी म्हटलं. "तो आता खाली उतरलाय. केबिन आहे त्याला, गाडी आहे."

तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की मी तुमच्या बापाला शिवी दिलीय. आत गेलात आणि वैमानिकांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून बाकीच्या करारावर सही केलीत. मी जिन्यानं खाली उतरले. मला लिफ्टमध्येही त्या लोकांबरोबर उभं राहायचं नव्हतं.

पुढचं रोस्टर आलं. स्टँडबाय होता तसा. तुम्ही त्याला भेटलात. तो म्हणाला, ही वेळ नाही, नव्या मार्गांची घाई आहे. पुन्हा भेटलात. ही वेळ नाही, ताळेबंद चालू आहे. मी म्हटलं, कामगार आयुक्तांकडं चला, सगळ्या वैमानिकांची सभा बोलवा, त्याचं वाक्य भिंतीवर लावू. तुम्ही म्हणालात, "बिसर गए होंगे. मी आठवण करून देतो." तुम्ही एकटेच जात राहिलात. आपल्या माणसाची चूक चारचौघांत काढू नये, असा तुमचा खाक्या. मी पुष्कळ वेळा तुमच्या तोंडावर बोलले की हा भलेपणा दुसऱ्यांच्या झोपेच्या जिवावर चाललाय. तुम्ही ते परत म्हणाला नाहीत.

मग एकदा मात्र खरं बोललात. "ताई, तो झूठा पडला तर मग माझा कान झूठा. मी एवढी वर्षं ज्याच्या भरवशावर उतरलो तेच कच्चं निघालं, तर उद्या मी विमानात कसा बसू?"

तेव्हा मी पर्स उचलून निघाले.  पण मुनीरभाई, कान तुमचा खोटा नव्हता. तुम्ही बरोबर ऐकलं, बरोबर परत म्हणालात. विमानाच्या कायद्यानं तुमचं काम चोख झालं होतं. टॉवरच खोटा निघाला, तर त्याचा दोष वैमानिकावर येत नाही. हे मी तुम्हाला बोलायला हवं होतं असं भाभी म्हणतात. कदाचित. आता बोलले.

एवढं सगळं भांडण असून तुम्ही माझ्यासाठी काय केलंत तेही लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी नुसती तक्रार घेऊन बसलेय. स्विचच्या कारखान्यातल्या माझ्या बाया मला 'विमानवाली बाई' म्हणायला लागल्या होत्या. म्हणजे ही आता बड्या लोकांची झाली. गेटवर सभा होती, त्यांची कुजबुज चाललेली. तेवढ्यात तुम्ही आलात. ड्यूटीवरून थेट, गणवेशात, खांद्यावर चार पट्ट्या. मी खुर्ची मागवली. तुम्ही बूट काढले आणि बायांच्या मधोमध सतरंजीवर मांडी घातलीत. शेजारच्या कौसल्याबाईनं विचारलं, "साहेब, तुम्ही कोण?"

"टोपीवाला लेबर," तुम्ही म्हणालात.

"मग टोपी कुटंय?"

"गाडीत राहिली, आई."

"लेबरला गाडी हाय व्हय!" आणि सगळी सभा फुटली हसून. गणवेशात आंदोलनाला बसलात म्हणून कंपनीनं तुम्हाला समज दिली. तुम्ही त्याबद्दल माझ्याकडं चकार शब्द काढला नाहीत, मला ऋषिकेशकडून कळलं. त्या दिवसानंतर मला कुणी विमानवाली बाई म्हटलं नाही. हे उपकार आहेत. मी उपकार विसरत नाही आणि फसवणूकही विसरत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवते.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. "ताई, बागेतली सीताफळं आलीत. भाईजाननं पाटी भरून पाठवलीय. येऊन जा."

"आधी कलम, मग सीताफळ," मी म्हटलं.

तुम्ही खूप हसलात. म्हणालात, "आधी कलम, मग सीताफळ. करेक्ट?"

"करेक्ट."

आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

त्या दिवशी तुम्हाला घरचा स्टँडबाय होता. दुपारी जेवून तुम्ही हॉलमधल्या खुर्चीत बसलात. भाभी आत होत्या. फोन वाजला, वाजत राहिला. तुम्ही कधी दुसऱ्या घंटीपलीकडं फोन वाजू देत नव्हता, म्हणून भाभी बाहेर आल्या. तुम्ही खुर्चीतच होतात. फोनवर कंपनीची मुलगी सांगत होती, "कॅप्टनसाहेबांना तयार राहायला सांगा, गाडी निघाली आहे." भाभींनी तिला काय सांगितलं ते त्यांना आठवत नाही. गाडी मात्र आली. दाराशी येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरला परत पाठवायचं कुणाला सुचलं नाही.

तुमच्या मातीला मी खुलताबादला आले. पुरुष कब्रस्तानात गेले, मी घरात बायांबरोबर भाभींजवळ बसले. मोठा साहेब आला होता. परत निघताना त्याला मी बागेच्या फाटकाशी गाठलं. मी काही आरडाओरडा केला नाही. मय्यतीचं घर आहे, एवढं मलाही कळतं. हळू आवाजात विचारलं, "तुम्ही दिलेल्या शब्दाचं काय?"

तो म्हणाला, "ताई, ही वेळ नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला ताई म्हटलं, आणि तेही यासाठी.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा शोकसंदेश सगळ्या कर्मचाऱ्यांना गेला. चांगलं लिहिलं होतं. निष्ठावान, शांत, मार्गदर्शक. आणि खाली एक वाक्य: 'घरी आराम करत असताना त्यांचं निधन झालं.' ऋषिकेशनं तो मोबाइलवर भाभींना वाचून दाखवला. भाभी तोवर फारसं बोलत नव्हत्या. ते वाक्य ऐकून मान वर केली.

"आराम कर रहे थे? जूते पहन के बैठे थे."

ऋषिकेशनं मोबाइल खिशात टाकला.

मी डॉक्टर नाही. स्टँडबायनं तुम्हाला मारलं असं मी म्हणणार नाही. मला सिद्ध करता येत नाही ते मी टेबलावर ठेवत नाही, हा माझा धंद्याचा नियम आहे. पण माणूस जेवून उठतो, स्वतःच्या घरात बूट चढवतो, फोनकडं तोंड करून बसतो. त्याला कंपनीनं बसवलेलं असतं. त्या बसण्याला आराम म्हणणारा माणूस खोटं बोलतो, आणि ते खोटं मी कुणाला खपवू देणार नाही. तुम्ही ड्यूटीवर गेलात, मुनीरभाई. हे एकदा कबूल झालं की कलम आपोआप कबूल होतं. म्हणूनच तो 'आराम' शब्द त्यांनी इतक्या घाईनं लिहिला. कच्च्या गुरूची चेली नाही मी. मला कळतं.

वैमानिकांनी शोकसभा माझ्याच खोलीत घेतली, टायरच्या दुकानावर. एवढी माणसं आली की निम्मी जिन्यावर उभी. मी म्हटलं, दोन मिनिटं शांत उभं राहू. ऋषिकेश म्हणाला, "नको ताई. ते शांत बसणाऱ्यांपैकी होते, म्हणून तर..." मग त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाला, "त्या दिवशी मी खोलीत होतो. मी ऐकलंय." आणि तुमच्या आवाजात, अगदी तसाच ताठ उभा राहून, ते वाक्य म्हणाला. त्याच्यानंतर त्या दिवशी खोलीत असलेले बाकीचे तिघे उठले. एकेकानं तेच वाक्य म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मग जे त्या दिवशी तिथं नव्हते तेही म्हणायला लागले. जिन्यावरचेही. खाली टायरवाला कासिम पाना हातात धरून वर बघत होता.

मुनीरभाई, मी लेखी कागदाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी ठेवला. तुम्ही सही करून जे हातचं घालवलं असं मी समजत होते, ते इतक्या सगळ्या तोंडांत शाबूत होतं. हे मला बोलणी करायला पुरेसं आहे. मी याहून कमी भांडवलावर करार केलेले आहेत.

आता सगळ्या वैमानिकांनी ठरवलंय. मागणी अशी: त्या शोकसंदेशातून 'आराम' हा शब्द मागं घ्यायचा, 'ड्यूटी' लिहायचं, आणि त्या दिवशी दिलेला शब्द करारात घालायचा. तोवर साहेबानं बंगल्यावर बोलावलं तरी मी चहा पिणार नाही आणि टेबलावरून उठणारही नाही. तुम्ही नाहीत म्हणून मला आवरायलाही कुणी नाही, हे कंपनीनं ध्यानात घ्यावं. सीताफळांची पाटी भाभींनी माझ्यासाठी वेगळी ठेवली होती, अजून बोलावतात. मी गेले नाही. तुम्ही परत म्हणालात, मी 'करेक्ट' म्हटलं. आपलं ठरलंय: आधी कलम.

आता मोठे साहेब, तुमच्याशी. हे छापून तुमच्या टेबलावर येईल. वेळ नाही असं आता म्हणू नका, मुनीरभाईंनी तुम्हाला पुष्कळ वेळ दिला. तुम्ही स्वतः वैमानिक आहात, तुमच्याच धंद्याचा नियम मी पाळते. तुम्ही जे बोललात ते मी सगळ्यांसमोर परत म्हणते: पुढच्या रोस्टरपासून घरचा स्टँडबाय ड्यूटीत धरला जाईल.

चुकत असेल तर टोका.